पोलोनेज शिवायचा आहे : छापील चित्रातलं काय धरायचं, काय सोडायचं

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही प्रतिमा मोठ्या करून नीट पाहिल्या. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नाटक १७८० च्या पॅरिसमध्ये घडतं, नायिकेसाठी 'पोलोनेज' नावाचा, मागचा घोळ तीन फुग्यांत वर उचललेला झगा शिवायचा आहे, आणि 'गालेरी दे मोद' या त्या काळच्या फॅशनचित्रांच्या मालिकेतलं एकच चित्र तुम्हाला दोन संग्रहांत दोन रंगांत सापडलंय. एकात झगा गुलाबी आणि परकर हिरवा, दुसऱ्यात झगा निळसर आणि परकर पांढरा. यातला खरा कुठला? बायकांची कंबर खरंच इतकी बारीक असायची का? चित्रावरून कपडा बेतता येईल का? शिवाय तुमच्या मामांकडे चौकटीतलं असंच एक चित्र आहे, ते मूळचं आहे का?

रंगाचं आधी सांगते, कारण बाकीचं पुष्कळसं त्यातूनच निघतं. दोन्ही रंग त्या काळातले असू शकतात, पण कुणी तो झगा त्या रंगात घातला होता याचा पुरावा त्यांतला एकही नाही.

असं एक चित्र दोन टप्प्यांत तयार होई, आणि दोन्ही टप्प्यांचे हात वेगळे असत. चित्रकार रेखाटन करून देई, कोरक ते तांब्याच्या पत्र्यावर उलटं उतरवी. कोरलेल्या रेषांत शाई भरायची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा, वर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून सगळं दाबून काढायचं. कागदावर काळ्या रेषांचं चित्र उमटे. इथपर्यंत सगळ्या प्रती सारख्या. त्यानंतर रंग, आणि तो प्रत्येक प्रतीवर हाताने, कुंचल्याने. रंगवून ठेवलेली एक नमुना-प्रत समोर असे आणि कामाची वाटणी केलेली असे : एकीने झगे रंगवायचे, दुसरीने फिती आणि फुलं, तिसरीने गालांवर लालीचा ठिपका. या कामात बायका आणि मुली पुष्कळ होत्या, आणि त्यांची नावं चित्राखाली येत नाहीत. चित्रकाराचं येतं, कोरकाचं येतं, विकणाऱ्याचा तर पत्तासुद्धा येतो. मला हे दर वेळी खुपतं, कारण चित्र विकत घेणाऱ्याची नजर आधी त्यांच्याच कामावर पडत असणार.

'गालेरी दे मोद' ही मालिका १७७८ ते १७८७ या काळात रू सँ-झाक या रस्त्यावरच्या एस्नो आणि रापिली या दोन विक्रेत्यांनी काढली. हा रस्ता म्हणजे पॅरिसची छापील चित्रांची पेठच. सहा-सहा चित्रांचे संच निघत. दहा वर्षांत चित्रं चारशेच्या वर गेली. रेखाटनं देरे, ल क्लेर आणि लील शहरचा म्हणून ओळखला जाणारा वातो यांची, कोरीवकाम द्यूपँ, व्हॉयझार वगैरेंचं. चित्र साधंही मिळे आणि रंगवलेलंही. पत्रा वर्षानुवर्षं दुकानात राही, मागणी आली की पुन्हा छापत आणि पुन्हा रंगवत. नमुना-प्रत बदलली, रंग संपला, गिऱ्हाइकाला निळा हवा होता, काहीही कारण असेल, झगा निळा होई. म्हणून माझा नियम असा : कोरलेल्या रेषेला साक्षीदार मानायचं, रंगाला फक्त सूचना. एखादी गोष्ट रेषेत आहे की नुसत्या रंगात, हे भिंग घेऊन आधी तपासायचं. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचंच घ्या. पट्टे कोरलेले असतील तर ते सगळ्या प्रतींत असणार, म्हणजे चित्रकाराला तेच कापड दाखवायचं होतं. पट्टे फक्त रंगाने ओढलेले असतील तर ते त्या एका प्रतीपुरते. तुमच्या गुलाबी प्रतीतली परकरावरची बुट्टी मी तपासली. ती कोरलेली नाही, त्यामुळे ती शिवणात आणलीच पाहिजे असं काही नाही. घेरावरची झालर आणि तिच्या चुण्या मात्र कोरलेल्या आहेत, त्या सोडू नका.

दुसरी अडचण रंग उडण्याची. ती मला महागात पडून कळली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाटकासाठी मी अशाच एका चित्रावरून झगा केला. चित्रातला रंग फिकट बिस्किटी. तो जसाच्या तसा मिळावा म्हणून रेशीम मुद्दाम रंगवून घेतलं, तीनदा नमुने परत पाठवले. प्रयोग सुरू झाल्यावर त्याच चित्राची, कायम बंद वहीत राहिलेली प्रत पाहायला मिळाली. झगा चांगला गुलाबी होता. मी नमुना मानलेली प्रत भिंतीवर उजेडात राहिली होती आणि तिच्यातला किरमिजी उडून गेला होता. कोशिनील किड्यापासून केलेला हा किरमिजी उजेडात टिकत नाही, वनस्पतींचे पिवळे रंग तर त्याहून लवकर जातात. त्या मानाने निळा टिकतो. म्हणून निळा-पिवळा मिसळून केलेला हिरवा कालांतराने निळा दिसू लागतो. तुमच्या निळसर प्रतीत पायाखालचं गवत पाहा. तेही निळंच आहे. गवत कुणी निळं रंगवत नाही, म्हणजे त्या प्रतीतला पिवळा गेलाय आणि तो झगा मुळात हिरवा असण्याचा बराच संभव आहे. तिच्या लेसवर काळपट ठिपके आहेत ना, ती शाई नाही. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो, त्याचे ते डाग आहेत.

रंगाची खात्री हवी असेल तर ज्या चित्राबरोबर मजकूर छापलेला आहे त्याच्याकडे जायचं. नोव्हेंबर १७८५ मध्ये पॅरिसमध्ये ब्युइसाँ या प्रकाशकाने 'काबिने दे मोद' सुरू केलं. पंधरवड्याला ८ पानं मजकूर, ३ रंगीत चित्रं, वर्षाची वर्गणी २१ लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). पुढे नाव बदलत ते १७९३ पर्यंत या ना त्या रूपात चाललं. त्यात टोपीच्या फितीपासून बुटापर्यंत कापड कोणतं, रंग कोणता, हे शब्दांत लिहिलेलं असतं, आणि रंगवणाऱ्यांनाही त्याला धरूनच रंग लावावा लागे. शब्द उजेडात उडत नाहीत. काही छटा तर नावावरूनच नेमक्या कळतात. १७७५ च्या उन्हाळ्यात 'प्यूस', म्हणजे पिसवेचा रंग, दरबारात एकदम लोकप्रिय झाला होता. तो तांबूस-तपकिरी होता हे नाव सांगतं; दोन-अडीचशे वर्षांनंतर कागदावरचा डाग ते सांगेलच असं नाही.

लंडनची गोष्ट थोडी वेगळी. मूळचा स्टुटगार्टचा निकोलाउस हायडेलॉफ याने तिथे १७९४ ते १८०३ 'गॅलरी ऑफ फॅशन' हे मासिक काढलं, वर्गणी वर्षाला ३ गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं). बायकांनी प्रत्यक्ष घातलेले पोशाखच आपण देतो असं तो सांगे. चित्रं अ‍ॅक्वाटिंटची : पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने खाल्लेल्या बारीक दाण्यांमुळे छपाईतच छाया उमटते, आणि वर पारदर्शक जलरंग, कुठे कुठे सोनेरी-रुपेरीसुद्धा. अठराव्या शतकातली यापेक्षा देखणी फॅशनचित्रं मी पाहिलेली नाहीत. पण तुमच्या नाटकाला त्यांचा उपयोग नाही. १७९४ नंतर कंबर वर सरकत थेट छातीखाली जाते, आणि तो वेगळाच पोशाख आहे. इंटरनेटवर दोन्ही एकाच 'अठरावं शतक' नावाच्या गठ्ठ्यात सापडतात, म्हणून सांगून ठेवते.

आता मामांच्या चौकटीबद्दल. 'गालेरी दे मोद'चं रंगीत पुनर्मुद्रण १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये निघालं आणि त्याची पानं सुटी करून आजही विकली जातात. कागदावर पत्र्याच्या कडेची दबलेली खूण दिसते म्हणून चित्र मूळचं, असं धरू नका. नंतरच्या छपाईतही ती असू शकते. चौकटीतून काढून कागद उजेडासमोर धरा. मूळच्या कागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेषा दिसायला हव्यात. मग मागची बाजू पाहा. तांब्याच्या गंजापासून केलेला जुना हिरवा कागद जाळतो, पाठीमागे तपकिरी सावली उमटते. आणि चित्र मूळचं असलं तरी रंग नंतरचा असू शकतो, कारण साध्या विकल्या गेलेल्या प्रती पुढे शंभर वर्षांनीसुद्धा रंगवून विकल्या गेल्या. रंग कागदाच्या जुन्या डागावरून किंवा फाटलेल्या कडेवरून पसरला असेल तर तो डाग पडल्यानंतर लावलाय, हे उघड आहे. झगझगीत पाचूसारखा हिरवा दिसला तर तो १८१४ नंतरचा. भडक जांभळट-गुलाबी दिसला तर बहुधा १८५६ नंतरचा, कृत्रिम रंग निघाल्यावरचा. चित्र काढल्यावर पुन्हा त्याच खिळ्याला लावू नका, उन्हाच्या वाटेत नसलेली भिंत शोधा.

कंबर. चित्रात पाय लांब आणि पावलं बाहुलीची, तशीच कंबरही विकण्यासाठी बारीक केलेली आहे. पण फसवणूक फक्त चित्रकाराची नाही, पोशाखाचीही आहे. आत असते ती व्हेल माशाच्या तोंडातल्या चिवट पट्ट्या घालून शिवलेली जाड लिननची चोळी. ती धड शंकूसारखं करते : पोट आणि छाती पुढून सपाट, छाती वर उचललेली, खांदे मागे. खाली नितंबांवर भरलेली गादी बांधतात, तिच्यावर परकर, त्यावर झगा. खालचा घेर इतका वाढला की मधली कंबर आपोआप बारीक दिसते. नाडीची भोकं तेव्हा हाताने दोऱ्याने गुंफलेली असत. धातूच्या कड्या १८२० च्या दशकात आल्या. दोऱ्याचं भोक फार ओढ सोसत नाही, त्यामुळे पुढच्या शतकातलं घट्ट आवळणं इथे आणू नका. तुमच्या नटीला दोन-अडीच तास बोलायचं आहे, श्वास घ्यायचा आहे. कंबर फार तर दोन इंच आत घ्या, मागे नाडीच्या जागी दोन बोटांची फट राहू द्या. व्हेलच्या पट्ट्यांऐवजी मी जाड, रुंद केबल टाय वापरते. अंगाच्या उबेने ते थोडे वळतात आणि बरेचसे तसेच वागतात. चोळी आणि गादी तयार होईपर्यंत झग्याचं एकही माप घेऊ नका. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी साध्या अंगावर माप घेऊन येतं. मग मुंढा चुकतो, आणि मुंढा चुकला की सगळं चुकतं.

आता खुद्द पोलोनेज. या नावाने आज काहीही खपवलं जातं. मागे घोळ वर उचललेला दिसला की झाला पोलोनेज. 'रोब आ लांग्लेज' या इंग्रजी धाटणीच्या झग्याचा घोळही तसाच वर उचलून बांधत. फरक कमरेत आहे. आंग्लेजची पाठ अंगाबरोबर शिवलेली असते आणि कमरेला शिवण घालून तिला बारीक चुण्यांचा घेर जोडलेला असतो. पोलोनेजला कमरेची शिवणच नसते. पाठीच्या शिवणी खांद्यापासून खालच्या काठापर्यंत सलग जातात आणि कमरेखाली त्याच शिवणींत जादा कापड चुण्यांनी आत वळवलेलं असतं. तो घोळ तिथून उघडतो. पुढून झगा फक्त छातीपाशी, एका फितीच्या गाठीखाली मिटतो आणि तिथून दोन्ही बाजूंना तिरका मागे जातो. मधल्या त्रिकोणात आतली बंडी दिसते. ती बहुधा खोटी, म्हणजे झग्याच्या अस्तरालाच शिवलेले दोन तुकडे. तुमच्या चित्रात हे सगळं कोरलेल्या रेषांत स्वच्छ आहे. पाठमोरी कमरेवर आडवी रेघ नाही, ते पाहा. कोरकाने ती विसरून सोडलेली नाही.

मी पहिला पोलोनेज शिवला तेव्हा सोपं पडावं म्हणून कमरेला शिवण घातली. घोळ उचलल्यावर सगळं वजन त्या शिवणीवर आलं, कापड खाली ओढलं गेलं आणि तीन फुगे दिसायच्या ऐवजी तीन पिशव्या लोंबू लागल्या. सलग पाठीत ते वजन खांद्यांवर जातं आणि फुगे फुगेच राहतात.

हे तीन फुगे म्हणजे मधलं शेपूट आणि दोन बाजूंचे पंख. शेपूट लांब की पंख, हे चित्रागणिक बदलतं. तुमच्या चित्रात शेपूट लांब आहे. दोऱ्या दोन, पाठीच्या चुण्यांच्या रेषेत, दोन बाजूंना. झगा पुतळ्यावर चढवा, आत गादी आणि परकर हवेतच, आणि घोळ हाताने उचलून चित्राशी जुळेपर्यंत टाचण्या लावत जा. जुळला की टाचण्यांच्या जागी आतून फितीचे लहान फासे शिवा. कमरेपाशी आतल्या बाजूने पक्की केलेली नाडी त्या फाशांतून घालून ओढली की झगा वर, सोडली की खाली. चित्रात बाहेर गोंडे दिसतात म्हणून दोरी बाहेरूनच काम करते असं समजू नका. गोंडे शोभेचे ठेवून भार आतल्या नाडीवर टाका, रंगमंचावर तेच टिकतं.

चित्र सांगत नाही अशीही एक गोष्ट आहे : जोड. तेव्हाच्या रेशमाचा पन्हा साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ४४ इंची कापडाच्या निम्म्याच्या आसपास. साहजिकच मूळ झगे जोडांनी भरलेले असतात, कधी बाहीच्या आत अगदी नखाएवढा तुकडाही जोडलेला सापडतो, कारण शिलाई स्वस्त होती आणि कापड महाग. चित्रकाराने हे जोड गाळले. म्हणून नुसत्या चित्रावरून बेतू नका. पोशाखाच्या इतिहासकार जॅनेट अर्नोल्ड यांनी संग्रहालयांतल्या मूळ कपड्यांवरून मोजून काढलेले बेत मिळवा, सांगाडा तिथून घ्या आणि रूप चित्रातून. दोन्ही जुळेनात, तर शिवणीच्या बाबतीत कपड्याचं ऐका.

कापड. टॅफेटा घ्या, कडक आणि हलकं, हातात चुरलं की आवाज करणारं. क्रेप किंवा साटिन नको, फुगे बसतील. ४४ इंची पन्ह्याचं मला झग्याला साधारण ५ मीटर लागतं, परकराला ३, झालरींना दीड. आधी सगळं मांजरपाटात बेतून पाहा. झालरींचे काठ दुमडून शिवू नका. त्या काळी ते नक्षीदार कातरून तसेच सोडत, आणि त्या न दुमडलेल्या काठामुळेच झालर अशी उभी राहते. रंग मंजिष्ठ, नीळ, किरमिजी यांच्या कुटुंबातला असू द्या. गुलाबी झगा आणि हिरवा परकर मला चालेल, पण रंगाच्या दुकानातला राणी रंग नको.

बजेट कमी असेल तर आपल्याकडे आणखी एक रस्ता आहे आणि तोही इतिहासाला धरून आहे. सुती चीट. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या हाताने रंगवलेल्या चिटांनी युरोप इतका वेडा झाला होता की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांना वाचवायला फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. बंदी उठल्यावर १७६० मध्ये ओबरकांफने पॅरिसजवळच्या झुईमध्ये कापडछपाईचा कारखाना काढला. इंग्रजीतला चिंट्झ आणि आपली चीट एकाच मुळाची. १७८० च्या पॅरिसमध्ये चिटेचा पोलोनेज घातलेली बाई अगदी शोभते. फक्त नक्षी फुलांच्या वेलींची, पांढऱ्या जमिनीवरची निवडा. मलमलीचा मोह मात्र टाळा. मलमलीचा सैल झगा गाजला तो १७८३ मध्ये, एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ यांनी राणी मारी आंत्वानेतचं त्या वेषातलं चित्र प्रदर्शनात ठेवलं तेव्हा. राणीला आतल्या कपड्यांत दाखवलं असा गहजब झाला आणि चित्र काढून घ्यावं लागलं. तुमच्या नाटकाच्या वर्षी तुमच्या नायिकेने तो घालून रस्त्यावर फिरणं जरा लवकर होईल.

केसांबद्दल एवढंच की डोक्यावर जहाज नको. जून १७७८ मध्ये 'बेल-पूल' हे फ्रेंच जहाज इंग्रजांशी लढलं, त्यावरून ती जहाजाच्या केशरचनेची चित्रं निघाली. अशी चित्रं आणि लंडनच्या डार्ली दांपत्याने काढलेली थट्टेची चित्रं आज एकत्र फिरतात. ती पाहून केस उभारले की पहिल्या प्रवेशापासून प्रेक्षक फक्त डोक्याकडे बघतात. कपाळावरून वर घेतलेले केस, आत लोकरीची उशी, मागे दोन-तीन जाड बटा आणि वर गॉझची टोपी पुरे.

परकर जमिनीपासून पाच-सहा इंच वर ठेवा. लांब ठेवायची सवय असते, पण पोलोनेज चालण्याफिरण्याचा पोशाख आहे आणि तुमच्या चित्रात बुटाचं बक्कलसुद्धा कोरलेलं आहे. मांजरपाटाचा झगा कच्च्या टाक्यांवर तयार झाला की नटीला चोळी-गादीसकट घालायला लावा, दहा पावलं चालवा, खुर्चीत बसवून उठवा, आणि मागून व कडेने फोटो काढा, नाडी ओढलेली असताना आणि सोडलेली असताना. ते फोटो मला पाठवा. टॅफेटाला कात्री त्यानंतर लावा.